पाठ लागली न्हाई

रंगा, थकलो गड्या.

काल तुझा दहावा झाला. आज सकाळच्या पहिल्या मोटारीनं मी सांगलीला परत आलो, दुकान उघडलं, मशीनवर बसलो आणि पायच चालेना. समोर एका नवरदेवाचा कोट पडलाय, बाह्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात. बाही हातात घेतली की तुझा दंड आठवतो. तुझ्या एका सदऱ्याच्या कापडात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दोन झाले असते, आणि तरी तू काखेत उसवून आणायचास. म्हटलं, थांबू दे नवरदेव जरा. तुझ्याशी भांडायचं राहिलंय, ते आधी भांडून घेतो.

पहिलं भांडण कावळ्यावरनं.

वारणेच्या काठावर सगळी भावकी जमली होती. गाव लोटलं होतं असं म्हणणार नाही, कारण लोटलं नव्हतं. ज्या गावात तू आलास की पोरंठोरं चुलीवरची भाकरी टाकून धावायची, त्या गावातनं मोजकी माणसं आली. वस्ताद आले नाहीत. तुझा बाप, पोटचा पोरगा गेलाय, आणि घाटावर नाही. जमलेल्या सगळ्यांची खात्री होती की तुझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही. माझीपण होती. मी तर तयारीनं गेलो होतो. कावळा अडला की कुणीतरी विचारणारच, बाबा काय राहिलं तुझं? तेव्हा पुढं व्हायचं आणि जे इतके दिवस गिळून बसलोय ते सगळ्यांसमोर मोठ्यानं ओकायचं.

आणि तू काय केलंस? पान ठेवून माणसं पुरती मागं सरली नाहीत तोवर कावळा आला, चोच मारली, उडाला. "काय न्हवतं बगा राहिलं त्याचं," तुझा चुलता म्हणाला, आणि सगळे धोतर झटकून निघाले. मायला, राहिलं कसं नव्हतं? जन्मभर पब्लिकला तंबूबाहेर ताटकळत ठेवलंस, आणि इथंच एवढी घाई झाली होय रे तुला? मी तोंड उघडं टाकून तसाच उभा राहिलो. इतका राग आला तुझा की रडू आलं.

तुला ताटकळत ठेवायची लय हौस. लढाईत आपण एका पलटणीत होतो, मी दर्जी आणि तू शिपाई. वस्तादांचा पोरगा, लाल मातीत वाढलेला, छातीनं दाराची चौकट भरायचास. गोऱ्या कप्तानानं तुझे खांदे बघितले आणि हातात हातमोजे घातले. बॉक्सिंग तू तिथं शिकलास, पण तमाशा तुझ्या अंगातच होता, तो कुणी शिकवला नाही. लढाई संपली, आपण घरी आलो, आणि तू म्हणालास, "सख्या, आता जत्रंजत्रंला ह्योच धंदा करू. मी मारतो, तू शिव." म्हटलं, काय शिवू? तर म्हणालास, "मला झूल शीव. बेंदराच्या बैलाला घालत्यात तसली."

मी लाल मखमलीची झूल शिवली, तिला पिवळी झालर लावली. ती अंगावर घेऊन तू तंबूतनं निघायचास, आणि रिंगणात शिरायच्या आधी पब्लिकमधनं अख्खा फेरा मारायचास, मान हलवत, फुसफुस करत. "आला रं बेंदराचा बैल आला!" असं ओरडायचे लोक. म्हाताऱ्या बाया कौतुकानं कानशिलावर बोटं मोडायच्या. बिचारा दुसरा गडी तोवर रिंगणात उभा राहून थंड पडायचा. मी म्हणायचो, अरे चल की, माणसं कंटाळतील. तू म्हणायचास, "कंटाळू दे. मानूस कंटाळला की त्येला मारामारी लवकर पायजेल वाटतीया. मंग पयल्याच ठोशाला डोक्यावर घेतंय."

म्हसवडच्या जत्रेत त्या धनगर बाबाची गंमत आठवते का? मेंढरं सोडून खास बघायला आला होता. घोंगडी पसरून पुढं बसला, तुझ्या हातांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आवं, हातात उशा बांदल्यात ह्यानं! भांडायचं हाय का निजायचं हाय?" सगळी जत्रा हसली. दुसरा असता तर पडला असता तोंडावर. तू बाबाच्या पुढ्यात जाऊन बसलास, एक हातमोजा त्याच्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "बाबा, उशी माजी हाय. निजायचं त्येनं हाय." मग काय! बाबा तुझाच झाला. मारामारी संपल्यावर मात्र त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पर गड्या, त्येची पाठ कुटं लागली? पाठ लागल्याबिगर निकाल कसा झाला?" मी समजावलं, बाबा, ह्यात पाठ नसते, दहा आकडे म्हणेपर्यंत उठला नाही की हरला. त्याला काही ते पटलं नाही. तू जिंकला होतास म्हणून त्यानं सोडून दिलं.

शिराळ्यात नागपंचमीला मात्र तुझं काही चाललं नाही. लोक नागापुढनं हलेनात. तू झूल घालून घाम गाळत हिंडलास, आणि शेवटी माझ्याजवळ येऊन बसलास आणि म्हणालास, "त्यो फना काडतोय, त्येच्याफुडं माजी छाती काय करनार?" त्या दिवशी आपण दोघं पोट धरून हसलो होतो. इतकं हसणं मला परत जमलेलं नाही.

लोकांना वाटायचं, रंगा बॉक्सरला भीती कशी ती ठाऊक नाही. तंबूच्या मागं काय चालायचं ते मला ठाऊक. प्रत्येक वेळी, अरे प्रत्येक वेळी, तू आधी ओकायचास. हात बर्फासारखे गार. मी पट्ट्या बांधायचो तेव्हा तू मला दम द्यायचास, "सख्या, कुनाला सांगितलंस तर टाळकं फोडीन." एकदा विचारलं मी, इतकी फाटते तर बाहेर जाऊन एवढी बडबड कशाला करतोस? तेव्हा तू जे बोललास ते मी विसरलो नाही. म्हणालास, "बोलनं ह्यो पयला ठोसा हाय. मी वराडतो तवा माजी निम्मी भीती त्येच्याकडं जाती. आनि उरलेली माजी मला ऐकू येत न्हाई."

हे तुझं बोलणंच तुला नडलं, रंगा. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आताही म्हणतो.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी सांगलीची ती मारामारी ठरली. समोर पीटर. मिरजेच्या रेल्वेत इंजिनात कोळसा मारणारा, बाप गोरा, आई इकडचीच. वर्णानं उजळ, डोळे घारे. बोलायचा आपल्यासारखंच, मिरजेकडचा कानडी हेल काढून. साधा माणूस. पण तुला पब्लिक जमवायचं होतं. वातावरण असं की रस्त्यानं गोरं कातडं दिसलं की माणसांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तू बैलगाडीत उभा राहिलास, पुढं हलगी, आणि अख्ख्या हळदीच्या आणि गुळाच्या पेठेत ओरडत फिरलास, "या सायबाला मी चारी मुंड्या चीत करनार! यायचं बगायला!"

मी गाडीच्या कडेनं चालत होतो. मी तुझी बंडी ओढली. म्हटलं, रंगा, चीत म्हणू नकोस. आपल्यात चीत नसतं. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, ह्यांना नाही. तू म्हणालास, "आरं, ह्यांना नॉकौट कळनार हाय का? चीत म्हनलं की डोळ्याफुडं उबं राहतंय." ते खरं होतं. हमाल पोती खाली टाकून टाळ्या पिटायला लागले. तालमीतले पैलवान कधी बॉक्सिंग बघायला यायचे नाहीत, ते यायला तयार झाले. आणि वस्तादांच्या कानावर गेलं की आपला पोरगा एकाला चीत करणार आहे.

पेठेतच तुझा तो गुळाचा खेळ झाला. ढेप बुक्कीनं फोडायची आणि तुकडे लोकांना वाटायचे. ढेप मी आधी खालनं छिन्नीनं चिरून ठेवायचो, हे आपल्या दोघांतलं. त्या दिवशी एक व्यापारी हौसेला आला आणि म्हणाला, आमच्या दुकानातली घ्या, चांगली बसलेली हाय. नाही कसं म्हणायचं? तू मारलीस. ढेप हलली नाही. परत मारलीस आणि ती फुटली. लोक नाचले. तू हसत हसत सगळ्यांना गूळ वाटलास, डाव्या हातानं. आडोशाला आल्यावर उजवा हात पुढं केलास तेव्हा तो सुजून भाकरीसारखा झाला होता. मी म्हटलं, पुढं ढकलू. तू म्हणालास, "लोकास्नी सांगितलंया. आनि बा येनार हाय."

बा येणार आहे. ते म्हणताना तुझं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. लढाईवरनं आल्यापासनं त्यांनी तुझी एकही मारामारी बघितली नव्हती. "मूठ मारनं ही विद्या न्हवं, भांडान हाय," एवढंच बोलून ते विषय तोडायचे. तू गावोगाव जिंकत होतास ते त्यांच्या कानावर जावं म्हणून, हे मला कळत होतं. तुझ्या बायकोला, पारूवहिनीला कळत होतं. एक त्यांनाच कळत नव्हतं.

ते आले. मागं, पैलवानांच्या घोळक्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. तू झूल घालून फेरा मारलास, पण त्यांच्यासमोरनं जाताना मान हलवली नाहीस. नुसता गेलास.

मारामारीचं मी काय सांगू तुला, तू होतास तिथं. उजवा हात चालत नव्हता, तू तो नुसता दाखवत होतास. तोंड मात्र चालू होतं. "सायबा, कोळसा कमी पडला का रं?" लोक हसत होते. आणि पीटर खालमानेनं, काही न बोलता, तुझ्या बरगडीत मारत होता. मग तू हसायला मान वर केलीस आणि त्याचा डावा हात तुझ्या हनुवटीवर बसला. तू पुढच्या पुढं, तोंडावर पडलास. धूळ उडाली.

पंचांनी आकडे म्हटले. दुसरा कुणी पडला की तू अख्ख्या पब्लिकला मोठ्यानं आकडे म्हणायला लावायचास. त्या दिवशी एकटे पंच म्हणत होते. दहा झाले. त्यांनी पीटरचा हात वर केला.

आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "पाठ लागली न्हाई!"

मग सगळेच. "पाठ लागली न्हाई! कुस्ती निकाली न्हाई! रंगा, उठ!" त्यांचं काय चुकलं सांग? तूच सांगितलं होतंस ना चीत म्हणून. तोंडावर पडलेला गडी कुठल्या मैदानात हरतो? आपल्याकडं शेंबड्या पोराला विचारा. पंच आकडे सांगायला लागले तर त्यांना ढकलून दिलं. "गोऱ्याला फितूर हाय!" दगड आला. दोर तुटले. काठ्या वर झाल्या. पीटर मधोमध उभा, अंगात अर्धी चड्डी, दोन्ही हातांना हातमोजे बांधलेले. त्याला पळता येईना की दगड अडवता येईना. तो हातमोज्याची दोरी दातानं ओढत होता. एक दगड त्याच्या कानावर लागला आणि रक्त खांद्यावर आलं.

मी तुझ्याजवळ पोचलो होतो. तू शुद्धीवर होतास. मान तिरकी करून तू त्याच्याकडं बघितलंस, मग मागं बघितलंस. मला दिसलं तू कुणाकडं बघितलंस ते. वस्ताद उभे राहिले होते.

तू कोपरावर उठलास. लोकांचा काय आवाज झाला रे तो! सगळ्यांना वाटलं, उठला रंगा, आता मारतोय साहेबाला. मलासुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि तू कूस बदललीस. आपण होऊन, हळू, अंथरुणात बदलावी तशी. पाठ टेकलीस. दोन्ही खांदे. हात दोन्हीकडं पसरलेस, सगळ्यांना दिसावं म्हणून.

काठ्या वरच्या वर राहिल्या. मग पैलवानांतला एक म्हातारा जड आवाजात म्हणाला, "चीत."

संपलं. आपल्या मुलखात चीत झालेल्या कुस्तीवर कुणी काठी उचलत नाही. वाटतील तेवढ्या शिव्या देतील, पण निकाल मानतील. माणसं बाजूला सरली. तू आभाळाकडं बघत ओठ न हलवता मला म्हणालास, "सख्या, त्येचं हात सोड आनि नदीकडनं काड त्येला. मिरजंच्या वाटंला लाव." मी पीटरला कृष्णेकाठच्या मळीच्या रानातनं नेलं. तो सारखं एकच विचारत होता, "त्यानं पाठ का टेकली? माझं तर जिंकून झालं होतं." मी त्याच्या हातमोज्याच्या गाठी कापल्या.

परत आलो तेव्हा वस्ताद निघून गेले होते. आणि संध्याकाळपर्यंत पेठेत एकच शब्द फिरत होता. नूरा. रंगानं नूरा कुस्ती केली, साहेबाला विकली. आपण होऊन पाठ दिलेली सगळ्यांनी बघितली होती, मग दुसरं काय म्हणणार? पैलवान आपण होऊन पाठ देतो तो एकाच कारणानं, हे त्यांना ठाऊक.

मी तुला म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. चौकात उभा राहून सांगतो की माणूस मरत होता म्हणून केलं. तू माझं मनगट धरलंस, सुजलेल्या हातानं. "माज्या गळ्याची आन हाय तुला, सख्या. बोलायचं न्हाई. सांगितलंस तर म्हनतील कुस्ती झालीच न्हाई, परत लावा. त्येला हुडकत मिरजंला जातील. आनि दुसरं, त्येनं मला खरंच पाडलं रं. दहा झालं तवा मला उटता येत न्हवतं. त्येची जीत हाय. मी दया केली म्हनून सांगितलंस तर त्येची जीतबी गेली आनि माजी हारबी गेली. मंग त्या दिवशी तितं झालं काय?"

मी म्हणालो, तुझा हात गुळानं गेला होता. चांगल्या हातानं तू त्याला झोपवला असतास. तू म्हणालास, "गूळ फोडाय त्येनं सांगितलावता का?" ह्यावर आपण किती वेळा भांडलो! मला अजून पटलेलं नाही. हात बरा असता तर तूच जिंकला असतास. आता एकट्यानं भांडायला मजा येत नाही, पण सोडणार नाही मी.

त्यानंतर तू रिंगणात उतरला नाहीस. कुणी बोलावलंही नाही. एका घरात दोन चुली झाल्या. वस्ताद ओसरीवर, तू परड्यात, आणि पारूवहिनी मधनं ताटं घेऊन जायची. बाप पोराशी बोलत नव्हता आणि पोरगा बापाला सांगत नव्हता. जो माणूस म्हसवडच्या धनगराला गप्प करू शकत होता, शेकडो लोकांना बोटावर नाचवत होता, त्याला बापाला एक वाक्य सांगता आलं नाही. मला ह्याचा राग आहे, रंगा. लोकांनी नूरा म्हटलं तर म्हणू दे, लोक काय, आज म्हणतील उद्या विसरतील. पण त्या म्हाताऱ्याच्या मनात तू काय म्हणून राहणार? मला रात्रंदिवस तेवढंच खात होतं.

काविळीनं पिवळा पडलास तेव्हा मी शेवटचं विचारलं, आतातरी सांगू दे वस्तादांना. तू डोळे मिटून म्हणालास, "पब्लिक कवाच घरला गेलं, सख्या. तू आजून तंबूत कशाला बसलाईस?" आणि माझा हात थोपटलास. आजारी तू आणि थोपटतोस मला.

तर आता ऐक. आण तुझ्या गळ्याची होती. आता गळाच राहिला नाही. घाटावर कावळ्यानं मला बोलू दिलं नाही, म्हणून दुपारी सगळे पांगल्यावर मी तालमीत गेलो.

वस्ताद लाल मातीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. माती उकरून ठेवलेली, कुणी आलेलं नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिवला म्हनं कावळा." मी व्हय म्हणालो. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दगड, पीटर, हातमोजे, नदीची वाट, तुझी आण. माझा आवाज चढला होता. मी म्हणालो, "आवं वस्ताद, इकली न्हाई हो त्यानं कुस्ती! तुमच्या पोरानं इकली न्हाई!"

वस्ताद म्हणाले, "मला ठावं हाय."

म्हटलं, ठावं हाय? कसं?

"आरं, उभी हयात पोरं चीत झालेली बगितली. इकनारा कसा पडतोय ते मला कळत न्हाई व्हय? इकनारा झटापट करून पडतोय, खरं वाटावं म्हनून. ह्यानं समद्यास्नी दावून पाठ टेकली." त्यांनी मूठभर माती घेतली, परत टाकली. "इकली असती तर सोसलं असतं, सकाराम. म्हनलो असतो, पोटासाटी केलं, गरज हुती. मारून घरात घेतला असता. ह्यानं फुकट दिली. आमच्या सात पिड्यांत पाठ फुकट कुनी दिली न्हाई. माज्या डोळ्यांदेकत दिली. मी काय म्हनायचं हुतं त्येला? शाबास म्हनू का शिवी देऊ? मला त्ये ठरवता येईना. ठरंल तवा बोलू म्हनलं." त्यांनी हातावरची माती झटकली. "ठरना की रं."

मला वाटलं होतं, मी सांगीन, म्हातारा रडेल, माझं ओझं उतरेल. कसलं काय! मी हौद्याच्या कडेला त्यांच्या शेजारी बसलो. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना ठाऊक नाही, एवढीच अडचण आहे.

मग त्यांनी विचारलं, "त्यो मानूस हाय का?"

म्हटलं, आहे. मिरजेतच आहे. लग्न झालं, लेकरू आहे. कानाला टाके पडले होते, त्या कानानं कमी ऐकू येतं.

"तेराव्याला बोलीव त्येला."

मी म्हटलं, "वस्ताद, गाव काय म्हनंल?"

"गावाचं पान येगळं. त्येचं पान माज्या शेजारी मांडा." काठी टेकून ते उठायला लागले. मी हात दिला तर झिडकारला, मग परत तोच हात धरला. "माज्या पोरानं पाठ कुनाला दिली, त्यो मानूस तरी एकदा बगू दे मला."

चारची गाडी आहे मिरजेला. पीटर येईल का नाही, मला ठाऊक नाही. मी त्याच्या जागी असतो तर त्या लोकांत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. पण त्याच्या दारात बसून राहीन, हो म्हणेपर्यंत उठणार नाही. आणि आला तर, रंगा, त्याच्या अंगाला दगड काय, वाकडा शब्द लागायचा नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच्या ताटाशेजारी बसवलाय त्याला.